नृत्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू करताना : शेवटच्या परीक्षेपासून मागे येत केलेली आखणी

नृत्याच्या पदवी अभ्यासक्रमाला काही वर्षे बरा प्रतिसाद मिळाला की ‘आता पदव्युत्तर वर्ग सुरू करू या’ हा विषय विभागाच्या बैठकीत निघतोच. विचार योग्य असतो. पण त्यानंतर पहिले काम म्हणून विषयांची यादी करायला घेतली जाते आणि पदवीला जे शिकवले तेच थोडे अवघड करून आणखी दोन वर्षे शिकवण्याचा आराखडा नकळत तयार होतो. अशा वर्गातून बाहेर पडणारा विद्यार्थी आधीपेक्षा सफाईदार नाचतो, एवढेच. तेवढ्यासाठी विद्यापीठाची गरज नाही. चांगल्या गुरूकडे किंवा चांगल्या नृत्यसंस्थेत दोन वर्षे कसून केलेली तालीम ते काम अधिक नेटके करते. पदव्युत्तर वर्गात नर्तकाने आपल्या नृत्याविषयी असा एक प्रश्न हाती घ्यायचा असतो, ज्याचे तयार उत्तर त्याच्या शिक्षकांकडेही नसते, आणि तो शरीराने व लेखणीने तडीस न्यायचा असतो. जागा, वेळापत्रक, अध्यापक, प्रवेश आणि परीक्षा यांची पुढे सांगितलेली सगळी व्यवस्था या एका गोष्टीसाठी करायची आहे, हे सुरुवातीलाच ठरले तर पुढचे बरेच वाद आपोआप मिटतात.

आधी शेवटची परीक्षा लिहून काढा

कोऱ्या कागदावर पहिल्यांदा शेवटच्या सत्राचे वर्णन लिहावे. विद्यार्थी दोन वर्षांनी परीक्षकांसमोर काय ठेवणार आहे? स्वतः रचलेला चाळीस मिनिटांचा नृत्यप्रयोग आणि त्यासोबत साठ-सत्तर पानांचा लेखी प्रबंध, एखाद्या लुप्त होत चाललेल्या रचनेची पुनर्बांधणी, की नृत्यशिक्षणाविषयीचा निव्वळ लेखी शोधप्रबंध? या उत्तरावरून अभ्यासक्रमाची जात ठरते. साधारणपणे तीन जाती दिसतात : नृत्यरचनाकार घडवणारा, संशोधक घडवणारा आणि शिक्षक घडवणारा. तिन्ही एकाच अभ्यासक्रमात कोंबण्याचा मोह फार मोठा असतो, कारण बैठकीत कोणालाच नाराज करायचे नसते. पण लहान विभागाने एकच जात मुख्य मानावी आणि उरलेल्या दोन्हींना एकेका ऐच्छिक विषयापुरती जागा द्यावी. तिन्ही गोष्टी सारख्याच वजनाने करणाऱ्या विभागात विद्यार्थी तिसऱ्या सत्रापर्यंत आपण नेमके कशाची तयारी करत आहोत हेच विचारत राहतो.

विद्यापीठीय नृत्यशिक्षणाच्या आरंभीही हाच निर्णय महत्त्वाचा ठरला होता. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात १९२६ मध्ये नृत्य हा पदवीचा मुख्य विषय म्हणून मान्य झाला. तो उभा करणाऱ्या मार्गारेट एच’डूब्लर या स्वतः रंगमंचावरच्या नर्तकी नव्हत्या. त्या शारीरिक शिक्षणाच्या अध्यापिका होत्या आणि त्यांचे मूळ शिक्षण जीवशास्त्राचे होते. रंगमंचासाठी कलावंत तयार करणे हा त्यांचा हेतू नव्हता. हालचालीचे नियम विद्यार्थ्याने स्वतःच्या शरीरात शोधावेत, असा त्यांचा आग्रह होता आणि त्यासाठी वर्गात मानवी सांगाडा ठेवून त्या शिकवत असत. त्यांच्या पद्धतीशी सहमत व्हायलाच हवे असे नाही, पण आपण कोणाला आणि कशासाठी शिकवतो आहोत हे त्यांना स्वच्छ ठाऊक होते, आणि त्यांचा अभ्यासक्रम टिकण्याचे एक कारण मला तेच वाटते.

शेवटच्या परीक्षेचे हे वर्णन एका पानात मावेल इतके थोडके असावे. मग एकेक सत्र मागे यावे. अंतिम प्रयोगाच्या आधीच्या सत्रात विद्यार्थ्याने प्रस्ताव मंजूर करून घेतलेला असला पाहिजे. त्याच्या आधीच्या सत्रात दोन-तीन छोट्या रचना करून आपला प्रश्न चाचपून पाहिलेला असला पाहिजे. आणि पहिल्या सत्रात प्रश्न विचारण्याची साधने, म्हणजे वाचन, निरीक्षण, नोंद आणि लेखन, हाती आलेली असली पाहिजेत. असे मागे येत गेल्यावर जे विषय खरोखर लागतात तेवढेच अभ्यासक्रमात घ्यावेत.

श्रेयांकांचे गणित आणि न दिसणारे तास

प्रत्येक देशात श्रेयांकांची (क्रेडिट) पद्धत निराळी आहे. युरोपातील श्रेयांक पद्धतीत पूर्ण वेळच्या एका वर्षाला ६० श्रेयांक असतात आणि एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचे काम गृहीत धरतात. ब्रिटनमध्ये पदव्युत्तर पदवीला १८० श्रेयांक आणि प्रत्येक श्रेयांकामागे १० तास, म्हणजे एकूण १,८०० तास, असा हिशेब आहे. अमेरिकेत ललित कलेची पदव्युत्तर पदवी साधारण ६० सत्र-श्रेयांकांची असते आणि ती त्या क्षेत्रातील अंतिम पदवी मानली जाते. आपल्याला लागू असलेला नियम कोणताही असो, नृत्याच्या बाबतीत तो तासांत उलगडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. व्याख्यानाच्या एका तासाला जे मोल मिळते तेच प्रात्यक्षिकाच्या दोन किंवा तीन तासांना मिळते, अशी अनेक विद्यापीठांची रीत आहे. प्रयोगशाळेसाठी केलेला हा नियम नृत्याला जसाच्या तसा लावला की कागदावर हलका दिसणारा अभ्यासक्रम प्रत्यक्षात विद्यार्थ्याला पिळून काढतो.

नमुन्यादाखल एक आठवडा मांडून पाहू. रोज दीड तासाचा तंत्राचा वर्ग पाच दिवस, म्हणजे साडेसात तास. नृत्यरचनेचे अडीच तासांचे दोन वर्ग, पाच तास. सिद्धान्ताची अडीच तासांची दोन चर्चासत्रे, पाच तास, आणि त्यांच्यासाठी वाचन-लेखन किमान दहा तास. स्वतःच्या रचनेच्या तालमी सहा तास. पदवीच्या वर्गांना शिकवण्याची जबाबदारी असेल तर तयारीसह आठ तास. इथवरची बेरीज साडेएकेचाळीस होते आणि ती बरी वाटते. पण विद्यार्थी वर्गमित्रांच्या रचनांमध्येही नाचतो. दोन मित्रांच्या रचनांत काम केले तरी आणखी सहा ते आठ तास जातात, आणि अभ्यासक्रमाच्या कागदावर त्यांचा कुठेच पत्ता नसतो. प्रयोग जवळ आला की हे तास दुप्पट होतात. मग वाचन बंद पडते, पाठोपाठ झोप कमी होते आणि त्यानंतर कोणाचा तरी घोटा दुखावतो. म्हणून दुसऱ्याच्या रचनेत नाचण्याला श्रेयांक द्यावेत आणि एका सत्रात एका विद्यार्थ्याने जास्तीत जास्त किती रचनांत भाग घ्यावा याची मर्यादा लेखी ठरवावी. दोन हा आकडा मला योग्य वाटतो.

विषय निवडताना

तंत्राचा वर्ग पदव्युत्तर पातळीवर रोज हवाच का, असा प्रश्न मान्यता देणाऱ्या समितीतील इतर विद्याशाखांचे सदस्य हमखास विचारतात. त्याचे उत्तर तयार असावे. नर्तकाचे शरीर हे त्याचे संशोधनाचे साधन आहे आणि ते रोज कामाला लावले नाही तर त्याच्या निरीक्षणांची धार जाते. मात्र इथला तंत्राचा वर्ग पदवीच्या वर्गासारखा घेऊ नये. आठवड्यातील एका वर्गात तरी विद्यार्थ्याने ‘ही हालचाल अशीच का शिकवली जाते’ या प्रश्नावर काम करावे, आणि शक्य असल्यास स्वतःच्या परंपरेबाहेरच्या एका शैलीचे किमान एक सत्र शिक्षण घ्यावे. दहा-बारा वर्षे एकाच शैलीत घडलेल्या शरीराला नवख्यासारखे अडखळताना पाहणे हा त्या विद्यार्थ्याच्या शिक्षणातला फार मोलाचा भाग असतो.

इतिहास आणि सिद्धान्ताच्या विषयांत एका शैलीला ‘नृत्य’ आणि बाकीच्यांना ‘लोकनृत्य’ किंवा ‘पारंपरिक नृत्य’ म्हणण्याची सवय फार खोल रुजलेली असते. मानववंशशास्त्रज्ञ जोॲन केआलिइनोहोमोकू यांनी १९७०च्या सुमारास असा युक्तिवाद केला की बॅले हेही एका विशिष्ट समाजाचे, त्याच्या वेशभूषेचे, कथांचे आणि शिष्टाचारांचे नृत्य आहे, आणि म्हणून इतर समाजांच्या नृत्यांना जो अभ्यास लावला जातो तोच त्यालाही लावला पाहिजे. हे सूत्र कोणत्याही परंपरेला लागू पडते. अभ्यासक्रमात आपलीच शैली केंद्रस्थानी असेल तर ती का आहे, हे विद्यार्थ्यांना विचारण्याची मुभा त्याच अभ्यासक्रमात असली पाहिजे.

नृत्यरचनेचा विषय व्याख्यानांनी शिकवता येत नाही. १९६०च्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये संगीतकार रॉबर्ट डन यांनी चालवलेला रचनावर्ग या बाबतीत अभ्यासण्यासारखा आहे. ते विद्यार्थ्यांना नेमके काम द्यायचे, एखादा नियम किंवा वेळेचे बंधन घालायचे, आणि झालेल्या कामावर चांगले-वाईट असा शिक्का मारण्याऐवजी ते कसे केले याची चर्चा घडवायचे. त्या वर्गातील मंडळींनी जुलै १९६२ मध्ये जडसन मेमोरियल चर्चमध्ये जो प्रयोग केला, तिथून उत्तर-आधुनिक नृत्याची एक मोठी शाखा सुरू झाली. आपल्या वर्गातून तसेच काही निघावे अशी अपेक्षा करण्यात अर्थ नाही. पण मर्यादित बंधन, थोडा वेळ आणि दर आठवड्याला नवे काम ही चौकट अजूनही उत्तम चालते. पहिल्या सत्रात तीन-तीन मिनिटांच्या आठ रचना करून घेतल्या तर विद्यार्थ्याची एकाच ‘मोठ्या’ कल्पनेवरची माया सुटते.

नृत्यलेखनाची, म्हणजे हालचाली चिन्हांनी लिहून ठेवण्याची, एक तरी पद्धत शिकवावी. बोशां-फय्ये पद्धत १७०० मध्ये छापली गेली, रुडॉल्फ लाबान यांची १९२८ मध्ये, बेनेश दांपत्याची १९५०च्या दशकात आणि एश्कोल-वाखमन पद्धत १९५८ मध्ये. प्रत्येक पद्धत शरीराकडे वेगळ्या नजरेने पाहते, आणि सगळ्यांची तोंडओळख करून देण्यापेक्षा एकच पद्धत सत्रभर शिकवली तर विद्यार्थ्याला हालचाल वाचायची सवय लागते. चित्रफीत असताना लिपी कशाला, हा आक्षेप येईल. चित्रफीत एका नर्तकाने एका दिवशी काय केले ते दाखवते. रचना म्हणून काय ठरले होते आणि त्या दिवशी काय चुकले, हे तिच्यावरून वेगळे काढता येत नाही.

संशोधनपद्धतीचा विषय पहिल्याच सत्रात असावा आणि त्याच्या जोडीला लेखनाचा स्वतंत्र तास असावा. बहुतेक विद्यार्थी उत्तम नाचतात पण आपण काय केले हे चार वाक्यांत लिहिताना ‘मनाला भिडणारे’, ‘ऊर्जेने भारलेले’ अशा शब्दांचा आसरा घेतात. दर आठवड्याला एक पान, ज्यात फक्त दिसलेली हालचाल लिहायची आणि एकही विशेषण वापरायचे नाही, हा सराव मला सर्वांत उपयोगी वाटला आहे.

जमीन आधी, प्रवेश नंतर

अभ्यासक्रम कितीही चांगला असला तरी तो सिमेंटच्या जमिनीवर चालवता येत नाही. नर्तकाच्या दुखापतींत अचानक झालेल्या इजेपेक्षा अतिवापराने हळूहळू होणाऱ्या इजा अधिक असतात, आणि त्या मुख्यतः पाऊल, घोटा, नडगी, गुडघा आणि कंबर यांना होतात. उडी मारून उतरताना बसणारा धक्का जमिनीने शोषला नाही तर तो शरीराला शोषावा लागतो. म्हणून तालीमघराची जमीन ‘स्प्रंग’ म्हणजे खाली पोकळी आणि लवचीक आधार असलेली लाकडी हवी. सिमेंटवर थेट विनाइल, म्हणजे प्लास्टिकचे पातळ आवरण, अंथरून ‘नृत्यासाठीची जमीन’ म्हणून दाखवली जाते, तो निव्वळ देखावा आहे. विनाइल घसरण कमी-जास्त करते, धक्का शोषत नाही. खेळाच्या सभागृहाची जमीन आयती मिळत असेल तरी ती तपासून घ्यावी, कारण ती बूट घातलेल्या खेळाडूंचा आणि चेंडूच्या उसळीचा विचार करून केलेली असते.

तपासणीसाठी पहिली पायरी कोणालाही करता येते. खोलीभर एक-एक मीटरवर खडूने खुणा कराव्यात आणि एकाच व्यक्तीने प्रत्येक खुणेवर त्याच उंचीच्या दोन उड्या माराव्यात. काही ठिकाणी जमीन दाबली जाते आणि काही ठिकाणी दगडासारखी लागते असे आढळले, तर ती सरसकट कडक जमिनीइतकीच काळजीची बाब आहे, कारण नर्तकाचे स्नायू पुढच्या उतरणीचा अंदाज मागच्या उडीवरून घेत असतात. पायांनी ताल वाजवणाऱ्या किंवा बुटांनी आघात करणाऱ्या शैलींना उघडे लाकूड लागते आणि जमिनीवर लोळणाऱ्या समकालीन शैलींना विनाइल सोयीचे पडते. दोन्ही शैली असतील तर गुंडाळून ठेवता येणारे विनाइल घ्यावे आणि ते अंथरण्याचा व उचलण्याचा वेळ वेळापत्रकात दाखवावा. हे काम विद्यार्थ्यांकडून फुकट करून घेतले जाते, ते बरे नव्हे.

क्षेत्रफळासाठी प्रत्येक नर्तकामागे सुमारे १०० चौरस फूट मोकळी जागा धरावी. उचलण्याच्या हालचाली असतील तर छत किमान १५ फूट उंच हवे आणि मध्ये खांब नको. आरसे एकाच भिंतीवर असावेत आणि त्यांना पडदा असावा. रचनेचा वर्ग आरसा झाकून घेतला की विद्यार्थी एकमेकांकडे पाहू लागतात, हा फरक पहिल्याच दिवशी दिसतो.

तुकडीत किती विद्यार्थी घ्यावेत हे अर्जांच्या संख्येवरून ठरवू नये. तेही जमिनीलाच विचारावे. समजा एकच तालीमघर आहे, ते सकाळी आठ ते रात्री नऊपर्यंत, आठवड्याचे सहा दिवस उघडे असते. एकूण तास झाले ७८. पदवीच्या वर्गांना २४, पदव्युत्तर तंत्राला साडेसात आणि रचनेला पाच तास वजा केले की साडेएकेचाळीस उरतात. प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःच्या रचनेसाठी आठवड्याला सहा तास द्यायचे असतील तर सहा विद्यार्थी बसतात, सातवा बसत नाही. दोन वर्षांचा अभ्यासक्रम असेल तर दोन्ही तुकड्या मिळून सहा, हे लक्षात ठेवावे. हा आकडा पाहून व्यवस्थापनाचा चेहरा पडतो, पण दुसरे तालीमघर मागण्यासाठी याहून चांगला कागद नाही.

शिकवणारे आणि संगत करणारे

किमान तीन पूर्णवेळ अध्यापकांशिवाय सुरुवात करू नये : एक रचनेचा, एक इतिहास-सिद्धान्ताचा आणि एक तंत्राबरोबर शरीरशास्त्र जाणणारा. पदव्युत्तर वर्गात मार्गदर्शनाचा वेळ व्याख्यानांपेक्षा जास्त जातो. अंतिम वर्षाच्या एका विद्यार्थ्यासाठी आठवड्याला दोन तास, म्हणजे एक तास तालमीत आणि एक तास लेखनावर, धरले तर एका अध्यापकाकडे तीनपेक्षा अधिक विद्यार्थी सोपवणे अन्यायाचे आहे.

अवघड प्रश्न येतो तो थोर कलावंतांचा, ज्यांच्याकडे औपचारिक पदवी नसते. नियमांत ‘समकक्ष व्यावसायिक अनुभव’ असे कलम आहे का, हे आधीच पाहावे. नसेल तर ते घालून घेण्यासाठी वेगळा प्रस्ताव द्यावा आणि त्या अनुभवाचे निकष लिहावेत, जसे की स्वतंत्र रचना, प्रयोगांची वर्षे, शिष्यांना शिकवल्याचा काळ. निकष लिहिलेले नसले की हे कलम ओळखीच्या माणसासाठी वापरले जाते. अशा कलावंताला एकट्याने प्रबंधाचे मार्गदर्शन देऊ नये. त्याच्या जोडीला लेखनाची बाजू सांभाळणारा सहमार्गदर्शक द्यावा. दोघांत मतभेद झाल्यास शेवटचा शब्द कोणाचा, हेही आधीच लिहून ठेवावे.

तंत्राच्या वर्गाला जिवंत संगत असावी. संगतकार आयत्या वेळी तासाच्या हिशेबाने बोलावला जातो आणि अंदाजपत्रकात त्याचे नाव ‘इतर खर्च’ या शीर्षकाखाली दडते; मग पहिली कपात त्याच्यावरच येते. त्याला कर्मचारी म्हणून वेगळे शीर्षक द्यावे. हीच गोष्ट प्रकाशयोजना आणि ध्वनी सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाची.

प्रवेशाचे दोन दिवस

एका तासाच्या चाचणीत उत्तम नर्तक ओळखता येतो, पण दोन वर्षे एका प्रश्नामागे लागणारा माणूस ओळखता येत नाही. म्हणून निवड दोन दिवसांची ठेवावी. पहिल्या दिवशी तंत्राचा वर्ग आणि एक रचनेचे काम द्यावे, ज्यात अनोळखी दोघांनी मिळून पाऊण तासात दोन मिनिटे तयार करायची. त्या पाऊण तासात परीक्षकांनी खोलीतच बसावे. ती दोन मिनिटे कशी झाली यापेक्षा ती कशी घडली हे पाहणे जास्त उपयोगाचे असते. दुसऱ्या दिवशी उमेदवाराने आधी पाठवलेल्या रचनेच्या चित्रफितीवर आणि दोन पानांच्या लेखी प्रस्तावावर अर्ध्या तासाची मुलाखत घ्यावी. ‘ही रचना आज पुन्हा केली तर काय काढून टाकाल?’ हा प्रश्न जरूर विचारावा. नाचण्यापासून काही वर्षे दूर राहिलेल्या, पण विचारांत पक्क्या उमेदवारासाठी एखादी जागा मोकळी ठेवता आली तर ठेवावी. असे विद्यार्थी तुकडीचे वाचन उचलून धरतात.

शरीराची व्यवस्था

प्रवेशानंतर पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक विद्यार्थ्याची नृत्याच्या दुखापती जाणणाऱ्या भौतिकोपचारतज्ज्ञाकडून (फिजिओथेरपिस्ट) तपासणी करावी. जुन्या दुखापती, सांध्यांची हालचाल आणि दोन्ही बाजूंच्या ताकदीतला फरक यांची नोंद विद्यार्थ्याकडे आणि तज्ज्ञाकडे राहावी. ती निवडीसाठी किंवा गुणांसाठी वापरली जाणार नाही, असे लेखी द्यावे, अन्यथा विद्यार्थी दुखणी लपवतात. नृत्यवैद्यक हे आता स्वतंत्र क्षेत्र आहे, त्याची आंतरराष्ट्रीय संघटना १९९० मध्ये स्थापन झाली आणि तिने तयार केलेली माहितीपत्रके शिक्षकांना समजतील अशा भाषेत असतात.

एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. खर्च होणाऱ्या ऊर्जेच्या मानाने आहार सतत कमी पडला तर मासिक पाळी, हाडांची घनता, प्रतिकारशक्ती आणि मनःस्थिती या सगळ्यांवर परिणाम होतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञगटाने २०१४ मध्ये या अवस्थेला खेळातील सापेक्ष ऊर्जा-न्यूनता असे नाव दिले आणि ती पुरुषांमध्येही आढळते हे स्पष्ट केले. ज्या विभागात शिक्षक वर्गात वजनावरून टोमणे मारतात तिथे हे संकट कोणीही बोलून दाखवत नाही. विद्यार्थ्याच्या वजनाविषयी वर्गात बोलायचे नाही, हा नियम अध्यापकांच्या नियुक्तिपत्रासोबतच द्यावा.

दुखापत झालेल्या विद्यार्थ्याचे सत्र वाया जाऊ नये म्हणून पर्यायी मूल्यमापन आधीच ठरवावे : निरीक्षणाची वही, नृत्यलेखनाचे काम किंवा दुसऱ्याच्या शरीरावर रचना करणे. हे ठरलेले नसले की विद्यार्थी गुणांसाठी दुखऱ्या पायावर नाचतो.

मूल्यमापन आणि अभिप्राय

अंतिम कामात प्रयोग आणि लेखन यांचे वजन किती, यावर फार खल होतो. रचनाकार घडवणाऱ्या अभ्यासक्रमात ६० टक्के प्रयोगाला आणि ४० टक्के लेखन व मुलाखतीला, ही वाटणी मला ठीक वाटते, पण आकड्यापेक्षा दोन बंधने महत्त्वाची आहेत. एक, दोन्ही भागांत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागेल. दुसरे, बाहेरच्या परीक्षकाने प्रयोग प्रत्यक्ष पाहिला पाहिजे आणि मुलाखत त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत झाली पाहिजे. चित्रफितीवरून दिलेले गुण हे छायाचित्रणाला दिलेले गुण असतात. लेखी भाग प्रयोगाचे वर्णन नसावा; प्रयोग करताना काय कळले आणि कोणती समजूत मोडली, हे त्यात यावे.

वर्षभरातल्या अभिप्रायासाठी एक ठरलेली पद्धत असावी. अमेरिकी नृत्यरचनाकार लिझ लर्मन यांनी १९९०च्या सुमारास आखलेली चार टप्प्यांची पद्धत अनेक विभागांत वापरली जाते. प्रथम पाहणारे सांगतात की त्यांना कामात काय अर्थपूर्ण किंवा लक्षात राहण्याजोगे वाटले. मग रचनाकार स्वतः प्रश्न विचारतो. त्यानंतर पाहणारे मतांचा वास नसलेले प्रश्न विचारतात. आणि शेवटी, रचनाकाराची परवानगी घेऊन, मते मांडली जातात. तिसरा टप्पा सर्वांत कठीण आहे. ‘शेवट इतका लांबवलास का?’ हा प्रश्न नसून मत आहे, आणि ‘शेवटाच्या लांबीविषयी तू काय विचार केलास?’ हा प्रश्न आहे, हे उमजायला अध्यापकांनाही एक सत्र लागते. गुरूच्या तोंडून थेट दोष ऐकण्याची सवय असलेल्यांना ही पद्धत आरंभी गुळमुळीत वाटते. ती प्रत्येक वेळी वापरू नये. काम कच्चे असताना वापरावी आणि तयार प्रयोगावर मात्र स्पष्ट बोलावे.

नोंदी, हक्क आणि संमती

रचना कोणाची, हा प्रश्न पहिला प्रयोग गाजल्यावर उभा राहतो, म्हणून तो त्याआधी मिटवावा. हन्या होम यांनी १९५२ मध्ये एका संगीतनाटकातील आपल्या नृत्यरचनेची लाबान पद्धतीने लिहिलेली संहिता सादर करून अमेरिकेत तिची स्वामित्वनोंदणी (कॉपीराइट) मिळवली. हक्क सांगायचा तर रचना कुठल्या तरी स्वरूपात टिपलेली असावी लागते, हे त्यातून दिसते. विद्यार्थ्याने केलेल्या रचनेचा हक्क विद्यार्थ्याचा राहील आणि विभागाला ती अध्यापनासाठी दाखवता येईल, अशा अर्थाचा एक पानी करार प्रवेशाच्या वेळीच करावा. नाचणाऱ्यांनी तालमीत हालचाली सुचवलेल्या असतील तर त्यांची नावे श्रेयनामावलीत कशी येतील हेही लिहावे. एखाद्या समाजाच्या नृत्यावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याने तिथल्या कलावंतांची लेखी किंवा ध्वनिमुद्रित संमती घ्यावी, आणि कोणते नृत्य बाहेर दाखवायचे नाही हे त्यांना सांगता यावे.

संग्रहाचे नियोजन किती आधी करावे लागते याचे उदाहरण म्हणजे अमेरिकी नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम. २००९ मध्ये त्यांचे निधन झाले, त्यांच्या संस्थेने त्यांनी आधीच मान्य केलेल्या योजनेनुसार निरोपाचा दौरा केला आणि २०११ च्या अखेरीस ती बंद झाली. तोवर त्यांच्या अनेक रचनांचे चित्रीकरण, टिपणे, वेशभूषा आणि प्रकाशयोजनेचे तपशील एकत्र बांधून ठेवले गेले होते. विभागाला एवढे जमणार नाही, पण प्रत्येक अंतिम प्रयोगाचे एक स्थिर कॅमेऱ्यातून केलेले पूर्ण चित्रण, रचनाकाराची वही, संगीताचा तपशील आणि नर्तकांची नावे एका पाकिटात, त्याच आठवड्यात ठेवणे जमते. महिन्याभरानंतर ते कोणीही करत नाही.

मान्यता आणि पहिले वर्ष

मान्यतेच्या कागदपत्रांचा क्रम ठिकठिकाणी बदलतो. सर्वसाधारणपणे विभाग, विद्याशाखा, विद्यापरिषद आणि बाहेरची नियामक संस्था अशा पायऱ्या असतात, आणि प्रत्येक समिती वर्षातून मोजक्याच वेळा भरते, म्हणून पहिल्या वर्गाच्या किमान दीड ते दोन वर्षे आधी प्रस्ताव हलवावा. प्रस्तावासोबत वर दिलेला आठवड्याचा तक्ता आणि तालीमघराच्या तासांचे गणित जोडावे. इतर विद्याशाखांच्या सदस्यांना नृत्याविषयीच्या सुंदर परिच्छेदांपेक्षा हे दोन तक्ते पटतात. अंदाजपत्रकात जमिनीची दुरुस्ती, संगतकार, तंत्रज्ञ, बाहेरच्या परीक्षकांचा प्रवास आणि विद्यार्थ्यांच्या प्रयोगांसाठीचा निधी ही पाच शीर्षके नसतील तर ते परत घ्यावे आणि पुन्हा लिहावे.

पहिली तुकडी मुद्दाम लहान ठेवावी, चार किंवा पाच जणांची. वर्षाच्या मध्यात नियम बदलू नयेत. जे चुकते आहे ते वहीत लिहून ठेवावे आणि बदल पुढच्या तुकडीपासून करावेत, कारण आपण प्रयोगशाळेतले उंदीर आहोत अशी भावना पहिल्या तुकडीत सहज रुजते. दर पंधरा दिवसांनी सर्व अध्यापकांनी अर्धा तास एकत्र बसून फक्त दोन गोष्टी पाहाव्यात : कोणत्या विद्यार्थ्याचे तास मर्यादेबाहेर गेले, आणि कोणाचा प्रश्न तीन आठवड्यांपासून जागचा हललेला नाही. पहिल्या सत्राच्या शेवटी प्रत्येक विद्यार्थ्याकडून त्याचा प्रश्न एका वाक्यात लिहून घ्यावा आणि ते पाकीट बंद करून ठेवावे. अंतिम मुलाखतीच्या दिवशी ते परीक्षकांसमोर उघडायचे आणि विद्यार्थ्याला पहिल्यांदा तेच वाचायला सांगायचे.